डुकरांच्या खोपट्याचं सागवानी दार

अंधेरीच्या गावठाणातल्या आमच्या घराला आंब्याच्या फळ्यांचं दार होतं, आणि मागच्या अंगणातल्या डुकरांच्या खोपट्याला अस्सल सागवानाचं. पाहुणे मागे हात धुवायला गेले की थबकायचे. "हे दार पुढे का नाय लावत?" असं कोणी विचारलं की आजी म्हणायची, "पुढच्या दारातून माणसं येतात." एवढं बोलून ती परत तांदूळ निवडायला लागायची. पुढचं मग मी सांगायचे. मला सांगायला आवडायचं, कारण सांगताना राग यायचा, आणि राग आला की मला बरं वाटतं. लहानपणापासून माझं असंच आहे.

ते दार एका जहाजाचं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गोऱ्या शिपायांच्या पलटणी विलायतेहून मुंबईला आणायच्या आणि थकलेल्या, आजारी पलटणी परत न्यायच्या, यासाठी आरमाराची खास जहाजं होती. त्यांतल्या एका जहाजावरच्या कुठल्याशा ऑफिसराच्या केबिनचं हे दार. आमची डुकरं त्याला पाठ घासायची. हे काही लाकूड स्वस्त मिळालं म्हणून झालेलं नव्हतं. माझ्या पणजीने ते ठरवून, विचार करून तिथे लावलं होतं.

जहाजाचं नाव मला ठाऊक आहे, पण मी ते लिहिणार नाही. त्याला एवढा मान द्यायची माझी तयारी नाही.

पणजोबा, म्हणजे माझ्या आजीचा बाप, भातशेती करायचे. कापणी झाली की कामासाठी गोदीवर जायचे. एका वर्षी पलटणींच्या असल्याच एका जहाजाच्या पोटात कोळसा ओढायला माणसं घेत होते, त्यात गावातले दोघं लागले. एक पणजोबा आणि एक त्यांचा दोस्त. आजी तेव्हा पणजीच्या पोटात होती. तांबड्या समुद्रात उन्हाची काहिली, खाली भट्ट्या पेटलेल्या, वारा नाही. पणजोबा फावडं हातात धरूनच कोसळले, ते उठले नाहीत. त्याच दिवशी वरच्या मजल्यावर एक गोरा शिपाई तापाने गेला. त्याला निशाणात गुंडाळलं, बिगुल वाजवला, सगळ्यांनी टोप्या काढल्या, प्रार्थना म्हटली आणि मग पाण्यात सोडला. पणजोबांना मागच्या बाजूने, ओल्या गोणपाटात, कोणी एक शब्द न बोलता टाकलं. त्यांच्या गळ्यात क्रूस होता. दोस्ताने तो दाखवलासुद्धा. कोणाला बघायला वेळ नव्हता.

दोस्त परत आला आणि त्याने हे पणजीला सांगितलं. माणूस मेला याचं तिने दुःख केलं असेल, पण तिचा जळफळाट झाला तो प्रार्थनेवरून. आम्हा ख्रिस्ती लोकांत मेलेल्यासाठी प्रार्थना झाली नाही तर त्याचा जीव अधांतरी राहतो म्हणतात. तिने चर्चच्या स्मशानात त्याच्या नावाचा क्रूस लावायला जागा मागितली. त्या वेळच्या फादरांनी विचारलं, मढं कुठाय? मढं नसेल तर कबर कसली? आणि मग विषय संपला.

विषय संपला तो त्यांच्यापुरता. पणजी काही वर्षं गप्प राहिली. मग बंदरात पलटणींच्या त्या पांढऱ्या जहाजांतल्या एकाची डागडुजी झाली आणि जुनं लाकूडसामान भंगारवाल्यांकडे आलं, असं तिच्या कानावर आलं. ती बैलगाडी घेऊन गेली आणि तिने हे दार विकत घेतलं. आजी तेव्हा लहान होती. दारावर बसून ती अंधेरीला आली, तेवढं तिला आठवायचं. वाटेत पणजीने पाणी प्यायलासुद्धा गाडी थांबवली नाही. घरी आल्यावर ते दार तिने खोपट्याला ठोकलं, पायातली वहाण काढली आणि दाराला हाणली.

तेव्हापासून तो आमच्या घरचा रिवाज झाला. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गावठाण स्मशानात जातं. प्रत्येक जण आपापल्या कबरीवर फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो, फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. आमच्या पणजोबांची कबर नसल्यामुळे आम्ही दुसऱ्यांच्या कबरीपाशी उभे राहायचो, आणि घरी आलो की ओळीने मागच्या अंगणात. आधी आजी, मग बाबा, मग आई, मग आम्ही पोरं. एकेक वहाण दाराला. घरात नवी सून आली की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्याही हातात वहाण द्यायचे. आई सांगायची, "मला वाटलं, यडं घर हाय. पळून जावं का आताच?" पण तिनेही हाणली. तिच्या माहेरी अजून तो विषय निघाला की हसतात.

मी शिकले, टायपिंगची परीक्षा दिली आणि फोर्टात एका ऑफिसात लागले. इंग्रजी वाचता यायला लागलं तसा माझा राग शहाणा झाला. जेवणाच्या सुट्टीत मी वाचनालयात जायचे आणि त्या जहाजांबद्दल मिळेल ते वाचायचे. डबा राहून जायचा. आजीला आपल्या बापाचं जहाज फक्त एका खुणेवरून ठाऊक होतं: पांढरं अंग आणि कमरेला लाल पट्टा. पुस्तकांत कळलं की असली पाच जहाजं होती, पाचही जुळ्या बहिणी, सगळी पांढरी. ओळखू यावीत म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा पट्टा. शिडंही होती आणि वाफेचं इंजिनही. पावसाळा संपला की विलायतेहून निघायची, सुवेझच्या कालव्यातून यायची, उन्हाळ्यापर्यंत खेपा घालायची. वर ऑफिसर, त्याखाली त्यांच्या मडमा, त्याखाली शिपाई झोळ्यांत लटकलेले, आणि शिपायांची बायकापोरं कुठल्यातरी अंधाऱ्या कोपऱ्यात. मग सरकारला भाड्याची जहाजं स्वस्त पडायला लागली आणि या पाच बहिणी निवृत्त झाल्या. त्यांच्यावरच्या जेवणाबद्दल लिहिलेलं होतं, वाजणाऱ्या बँडबद्दल होतं, एका राजपुत्राच्या स्वारीबद्दल तर पानंच्या पानं होती. कोळसा ओढणाऱ्यांबद्दल एक ओळ मिळाली. ती म्हणजे, तांबड्या समुद्रात ही माणसं फार लवकर थकत. मी ते पुस्तक इतक्या जोरात मिटलं की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

हे सगळं डोक्यात असताना तो साहेब आमच्या अंगणात आला. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. बरेचसे गोरे गेले होते, थोडे मागे राहिले होते, हा त्यांतला एक. कुर्ल्याच्या पलीकडे एका कारखान्यात इंजिनियर होता आणि सांताक्रूझला बंगल्यात राहायचा. नाताळसाठी भाजलेलं पिलू हवं म्हणून कोणीतरी त्याला आमच्या बाबांचं नाव सांगितलं होतं. बाबा त्याला पिलं दाखवायला मागे घेऊन गेले. साहेबाने पिलांकडे बघितलंच नाही. तो दारासमोर उकिडवा बसला आणि बिजागऱ्यांवरचा चुना अंगठ्याने खरवडायला लागला. दरवर्षी घराबरोबर खोपट्यालाही चुना लागायचा, त्यामुळे दारावर चांगलं जाड पुट चढलं होतं. चुन्याखालून बाणाची खूण निघाली. आरमाराच्या मालावर ती असते.

त्याचा आजा शिपाई म्हणून असल्याच जहाजातून हिंदुस्थानात आला होता. त्या जहाजांच्या वस्तू जमवायचा त्याला नाद होता. दार विकत देता का, बदल्यात नवं दारही बसवून देतो, असं तो म्हणाला. बाबा तर खूशच झाले. त्यांना त्या दाराचा कंटाळा आला होता. मी आजीला सांगितलं, साहेब काय म्हणतोय ते.

आजी ओट्यावरून उठली नाही. म्हणाली, "त्याला सांग, दार ने. पण आधी माझ्या बापाचं मढं आणून दे."

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. आणि मग पणजोबांची सगळी हकिकत सांगितली, लाल पट्ट्यापासून गोणपाटापर्यंत. साहेबाने हॅट काढली. फार वाईट झालं म्हणाला. फार जुनी गोष्ट आहे, असंही म्हणाला. त्या दुसऱ्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, "जुनी तुमच्यासाठी. तुम्हाला दार पाहिजे ना? मग पुढच्या आठवड्यात, मृतांच्या दिवशी, आमच्या स्मशानात या. सगळ्या गावासमोर टोपी काढून उभे राहा आणि ती समुद्रावरची प्रार्थना, जी तुम्ही तुमच्या शिपायासाठी म्हटलीत, ती आमच्या माणसासाठी म्हणा. मग दार तुमचं."

तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण आजीचा विश्वास बसला. सत्तरी उलटलेली ती बाई त्या आठवड्यात पोरीसारखी वागायला लागली. तिने घरोघर जाऊन सांगितलं, माझ्या बापाची प्रार्थना हाय, या. नव्या फादरांना विचारून तिने भिंतीकडेला हातभर जागा मागितली, दिवसापुरती, फुलं ठेवायला. फादर भले होते, हो म्हणाले. तिने पेटीतलं लाल लुगडं काढलं. मी तिला कधी बापाबद्दल रडताना पाहिलं नव्हतं, आणि असं हरखलेलीही पाहिलं नव्हतं. ती मला म्हणाली, "मी त्याला बघितला नाय गं. पण आता त्याला ठाव मिळंल."

मृतांच्या दिवशी आम्ही भिंतीपाशी उभे राहिलो. आजी मध्ये, मेणबत्ती हातात. फादर सगळ्या कबरी फिरून आले. लोक थांबले. मग थोडे गेले. मग बाकीचेही गेले, कारण घरी जेवणं व्हायची होती. जाताना एकेक जण आजीच्या खांद्यावर हात ठेवून जात होता, आणि मला ते हात झटकून टाकावेसे वाटत होते. साहेब आला नाही. फादरांनी स्वतः प्रार्थना म्हणू का विचारलं. आजी म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही नव्हता टाकला त्याला." घरी येऊन तिने दाराला वहाण हाणली ती इतकी, की बाबांनी तिचा हात धरला.

साहेब पुढच्या रविवारी उगवला. हसतमुख. पवईच्या तलावावर मित्रांबरोबर बदकं मारायला गेला होता, त्या नादात दिवस लक्षात राहिला नाही म्हणे. माफी मागितली, चहा घेतला, आणि खिशातून चाकू काढून दाराच्या कुलपापाशी चुना खरवडत बसला. बाबा बाजूला उभे राहून मदत करत होते. शेजारचे दोघंतिघं कुंपणावरून बघत होते.

कुलपाखाली पितळेची पट्टी निघाली. तिच्यावर जहाजाचं नाव कोरलेलं होतं. साहेबाने रुमाल थुंकीने ओला करून ती पुसली, वाचली, आणि तो हसायला लागला. खोटं कशाला बोलू, ते हसणं दुष्ट नव्हतं. माणसाला अचानक मोठी भेट मिळाली की तो हसतो, तसं होतं. पण मला ते अजून ऐकू येतं.

तो म्हणाला, "तुमचं जहाज लाल पट्ट्याचं ना? हे ते नव्हे. हे निळ्या पट्ट्याचं. माझा आजोबा याच जहाजातून आला."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. पणजीला पट्ट्यावरून जहाज ठाऊक होतं, आणि दाराला कुठला आलाय पट्टा? भंगारवाल्याला तिने विचारलं असेल, पांढऱ्या जहाजाचं ना? तो हो म्हणाला असेल. सगळीच पांढरी. सत्तरेक वर्षं आमच्या घरातली माणसं, सुना, पोरं, एका भलत्याच जहाजाला वहाणा मारत होती.

कुंपणावरचा शेजारी म्हणाला, "घ्या. वड्याचं तेल वांग्यावर." सगळे हसले. बाबाही हसले, आणि ते मी त्यांना पुढे कधी माफ केलं नाही. साहेब म्हणाला, म्हणजे आता तुम्हाला हे ठेवण्याचं कारणच राहिलं नाही, नाताळनंतर मी गाडी पाठवतो. बाबांनी मान हलवली. आजीला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सरळ लिहिते. आमचं मढं त्यांनी घेतलं. आमची प्रार्थना तो बदकांपायी विसरला. आणि आता आमचा सूडसुद्धा त्याच्या आजोबाच्या मालकीचा निघाला. तो उचलून नेणार, बंगल्यात लावणार, पाहुण्यांना गंमत म्हणून सांगणार: या लोकांनी काय केलं माहितीय का? मी रात्रंदिवस दातओठ खात होते. ऑफिसात माझ्या टायपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी साहेबाचं पिलू भाजायचं होतं. बाबा बाजारात गेले होते. आई पिलाच्या पोटात मसाला भरत होती. भट्टीसाठी लाकूड आणलेलं होतं, बाभळीचं, चांगलं वाळलेलं. मी कुऱ्हाड घेतली आणि खोपट्याकडे गेले. आजी ओट्यावर होती.

मी म्हटलं, "आजी, दार फोडू?"

तिने कुऱ्हाडीकडे बघितलं. म्हणाली, "कर काय करायचं ते."

सागवान असं सहज फुटत नाही. मी घामाघूम झाले, हाताला फोड आले, पण थांबले नाही. चुना सोलून काढला, पितळेची पट्टी विहिरीत टाकली, आणि त्या ऑफिसराच्या दाराचे तुकडे करून भट्टीत घातले. काय जळलं म्हणून सांगू. लाकडात तेल होतं, सरळ, एकसारखी आंच. आई मला वेडी म्हणत होती आणि त्याच वेळी भट्टीत डोकावून म्हणत होती, रंग मात्र छान येतोय. पिलू लालसर, कुरकुरीत, दृष्ट लागण्यासारखं झालं.

पोचवायला मीच गेले. बाबांना दाराचं कळलं होतं, ते टांग्यात पाठ फिरवून बसले आणि फाटकाबाहेरच थांबले. आत दिवाणखान्यात आठदहा पाहुणे होते. साहेबाने स्वतः परात टेबलावर ठेवली, सुरी लावली, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. असं पिलू त्याने आयुष्यात खाल्लं नव्हतं म्हणे. मग म्हणाला, परवा गाडी पाठवतो, दारासाठी.

मी म्हटलं, "गाडी नको. दार आलंय. त्याच्यावरच भाजलंय हे."

पाहुण्यांपैकी एक बाई हसली, मग बाकीच्यांकडे बघून गप्प झाली. साहेबाचा घास तोंडात तसाच होता. त्याने तो गिळला नाही. रुमालात काढला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि मी तो नीट, सावकाश बघून घेतला, कारण मला तो आजीला सांगायचा होता. त्याने समोरची भिंत दाखवली. तिच्यावरची चित्रं काढून जागा केली होती. तो म्हणाला, "इथे लावणार होतो. तुमच्या पणजोबांचं नाव पितळेवर कोरून खाली लावायला सांगितलं होतं."

त्या भिंतीकडे मी दोनदा बघितलं, हे कबूल. पण मी म्हटलं, "ती जागा तशीच राहू द्या. आमची सत्तर वर्षं रिकामीच आहे." आणि चालायला लागले. टांग्यात बसले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी गुणगुणत होते. मला आजही त्या संध्याकाळची लाज वाटत नाही.

घरी पोचलो तर गल्लीत गोंधळ. दाराच्या जागी काहीतरी आडवं लावायला हवं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डुकरं बाहेर पडून लोकांच्या वाडीत घुसली होती, कोणाच्या अळूची वाट लावली होती, कोणाचा नाताळचा मांडव पाडला होता. आई आणि शेजारी काठ्या घेऊन पळत होते. बाबा पत्रा शोधायला धावले. मी आजीला शोधत मागे गेले. मला सगळं सांगायचं होतं, रुमालातल्या घासापर्यंत.

ती खोपट्याच्या उघड्या चौकटीत खाली बसली होती. मी तिच्याजवळ बसून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मी साहेबाचा चेहरा कसा झाला ते सांगितलं, तेव्हा ती जराशी हसलीसुद्धा. मग तिने चौकटीवरून हात फिरवला, जिथे बिजागऱ्या होत्या तिथे, आणि म्हणाली, "चांगलं केलंस. पण मी बापाला बघितला नव्हता गं. आईनं मला त्याची एकच वस्तू दिलेली. हा राग. आता मी कुणाकडं जाऊ?"

आणि ती रडायला लागली. म्हातारी माणसं रडतात तशी नाही, तर लहान पोर बापासाठी रडतं तशी, मोठ्याने, नाक पुसत, माझ्या मांडीत डोकं घालून. पुढच्या गल्लीत लोक डुकरांच्या मागे ओरडत होते. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात. आजीचा पीळ मात्र त्या दिवशी गेला. नंतर ती दोनेक वर्षं जगली, कोणावर रागावली नाही, आणि मृतांच्या दिवशी घरीच बसायची. तिची कबर आम्ही नीट बांधली, नाव कोरलं. तिच्या वाटणीचा राग आता मी त्या साहेबावर ठेवला आहे. त्याला जाऊन किती वर्षं झाली मला माहीत नाही. पण तो राग कुठेतरी ठेवायला हवा ना, नाहीतर माझ्या पणजोबांना दुसरं कोण आहे?